‘ताई, आधार नाही म्हणून परत पाठवलं’

उन्हाळ्यात मुंबईत रक्ताचा तुटवडा का होतो, यावर या सदरात लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की पत्रं येतील ती हिमोग्लोबिनबद्दल, नाहीतर चक्कर येण्याबद्दल. आली ती बहुतेक सगळी ओळखपत्राबद्दल. काही चिडून लिहिलेली, काही घाबरून. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला देते.

नव्या वाचकांसाठी सांगते, 1989 ते 2021 मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. 2020 पासून नियमांमध्ये ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आलाय, पण माझ्या तोंडात रक्तपेढीच बसलंय, तेच लिहिते. आधी वाचकाचं पत्र, खाली माझं उत्तर.

गेली सात वर्षं मी लालबागला आमच्या मंडळाच्या शिबिरात रक्त देतो. तिथे कधी कोणी ओळखपत्र मागितलं नाही. परवा मात्र स्वतःहून एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत गेलो, तर ‘फोटो असलेलं काहीतरी दाखवा’ म्हणाले. पाकीट घरी राहिलं होतं, तसाच परत आलो. रक्त द्यायला आलेल्या माणसाला असं परत पाठवतात? चोरासारखं वाटलं, ताई. — एक वाचक, लालबाग

दादा, आधी तुमची माफी मागते. माझी ती रक्तपेढी नव्हे, तरी मागते. रक्त द्यायला स्वतःच्या पायांनी आलेला माणूस आमच्यासाठी किती मोलाचा असतो ते मला माहीत आहे. त्याला दारातून परत पाठवताना निदान दोन वाक्यं नीट बोलायला हवीत. मोबाइलमध्ये डिजिलॉकर असेल तर त्यातलं लायसन्स किंवा आधार दाखवता येतं, हे तुम्हाला तिथे कोणीतरी सांगायला हवं होतं. आमच्याकडे ते चालायचं. ऑफिसचं फोटो असलेलं कार्डसुद्धा चालायचं.

आता ते का मागतात, हे सांगते. त्यासाठी तुम्हाला खुर्चीवर झोपल्यावर जे दिसत नाही ते दाखवावं लागेल.

तुम्ही मूठ आवळून चेंडू दाबत असता तेव्हा शेजारच्या टेबलावर एक स्टिकरची पट्टी असते. तिच्यावर एकच नंबर पुन्हा पुन्हा छापलेला. त्यातलं एक स्टिकर तुमच्या फॉर्मवर लागतं, एक मोठ्या पिशवीवर, तिला जोडलेल्या छोट्या पिशव्यांवर एकेक, आणि बाकीची तपासणीच्या नळ्यांवर. मी ही स्टिकरं नेहमी दात्याच्या खुर्चीशेजारी उभी राहूनच लावायचे, एका वेळी एकाच दात्याची. आधीपासून चिकटवून ठेवलेल्या नळ्यांचा ट्रे मला कधी चालला नाही, शिबिरात दोनशे माणसांची रांग असली तरी. आणि स्टिकर लावण्याआधी विचारायचे, ‘तुमचं पूर्ण नाव सांगा.’ ‘तुम्ही अमुक ना?’ असं कधी विचारायचं नाही. सुईकडे बघत असलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो.

नंबर लागला की तिथून पुढे तुमचं नाव कुठेच नसतं. पिशवी आत जाते, यंत्रात फिरते, तांबड्या पेशी वेगळ्या होतात, प्लाझ्मा वेगळा, प्लेटलेट्स वेगळ्या. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांच्या फ्रिजमध्ये, प्लाझ्मा उणे 30 च्या खाली गोठवलेला, प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या ठेवलेल्या, आणि त्यासुद्धा फक्त पाच दिवस टिकणाऱ्या. तुमचं एकाच वेळचं रक्त तीन वेगवेगळ्या वॉर्डांतल्या तीन वेगवेगळ्या माणसांना जाऊ शकतं. त्या तिघांपासून तुमच्यापर्यंत परत येण्याचा एकच रस्ता असतो, नंबर आणि तो नंबर चिकटवलेला तुमचा फॉर्म. त्या फॉर्मवरचं नाव, पत्ता आणि फोन खोटा किंवा अर्धवट असेल तर रस्ता तिथेच बंद.

असा बंद झालेला एक रस्ता मला अजून आठवतो. साधारण 2011 ची गोष्ट असेल. एका मोठ्या शिबिरातून आलेल्या पिशव्यांपैकी एकीची हिपॅटायटिस बी ची तपासणी पॉझिटिव्ह आली. प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या सक्तीच्या असतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. पिशवी नष्ट केली, कुठल्याही पेशंटला ती गेली नाही. तेवढ्यावर काम संपलं असं कोणाला वाटेल. पण हा आजार वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये मुकाट राहतो, माणसाला धडधाकट वाटतं. घरच्यांना वेळेत लस दिली तर ती माणसं वाचतात. म्हणून त्या दात्याला गाठायला हवं होतं. फॉर्मवरच्या नंबरला फोन केला तर विरारच्या एका गृहस्थांनी उचलला, त्यांनी आयुष्यात रक्त दिलेलं नव्हतं. शिवडीच्या एका चाळीचा पत्ता होता, खोली नंबर नव्हता. पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी ते परत आलं, पाकिटावर निळ्या शाईत लिहिलेलं, ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.’ मी शिबिराचे सगळे फॉर्म काढून बसले. चाळीस-पन्नास फॉर्म एकाच हस्ताक्षरातले निघाले. कोणीतरी कार्यकर्त्याने रांग पटापट पुढे सरकावी म्हणून स्वतःच भरून टाकले होते. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण तो माणूस मला सापडला नाही. त्याची बायको असेल, लहान मूल असेल, त्यांना लस मिळाली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून पुरता कधीच गेला नाही.

तुमच्या मंडळाच्या शिबिरात ओळखपत्र मागत नाहीत ही मला कौतुकाची गोष्ट वाटत नाही. मंडळाची मुलं उन्हातान्हात राबतात, ते मी जवळून पाहिलंय. मुंबईत शिबिरं नसती तर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांना जगायला सतत दुसऱ्याचं रक्त लागतं त्या मुलांचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही. तरीही सांगते, यंदा प्रवेशाच्या टेबलावर एक माणूस फक्त ओळखपत्र बघायला बसवा, आणि प्रत्येकाला स्वतःचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरू द्या. लिहिता येत नसेल त्याला मदत करा, पण त्याला विचारून, त्याच्यासमोर. दुसरं म्हणजे, शिबिरात हेल्मेट, डबे, बॅगा वाटणं बंद करा. भेटवस्तूसाठी दहा दिवसांत दोन शिबिरं करणारी माणसं मी पाहिली आहेत. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये 90 दिवस हवेत, बाईला 120. ओळखपत्र पाहिलं आणि नीट नोंद झाली तर निदान एका रक्तपेढीत तरी हे पकडता येतं.

आणि ‘चोरासारखं वाटलं’ म्हणालात म्हणून एक जुनी गोष्ट. मी नोकरीला लागले तेव्हा रक्त विकणारी माणसं रुग्णालयांच्या फाटकाबाहेर उभी असायची. पेशंटच्या नातेवाइकांकडून पैसे घ्यायची आणि आत येऊन ‘मी भाऊ आहे’ सांगायची. या आठवड्यात एक नाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. नाव बदललं तरी हात बदलत नसे. कोपराच्या आतल्या बाजूला सुईच्या टोचण्यांनी खळगा पडलेला असायचा, तिथली कातडी कडक झालेली. आम्ही चेहरा बघण्याआधी तो हात बघायचो. बहुतेक उपाशी असायची, हिमोग्लोबिन सात-आठ. त्यांच्यावर राग धरावा असं मला कधी वाटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 ला निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. ‘तुम्ही कोण’ हे नीट विचारायची सवय आम्हाला त्या दिवसांतच लागली. ती तुमच्यावरच्या संशयातून आलेली नाही.

पुढच्या वेळी पाकीट घेऊन जा आणि त्याच रक्तपेढीत जा. मला बरं वाटेल.

माझं माहेरचं नाव आधारवर आहे आणि सासरचं पॅनवर. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात असताना मी माहेरच्या नावाने रक्त दिलं होतं. आता कुठलं नाव लिहू? ऑफिसच्या शिबिरात यावरून बराच गोंधळ झाला. — एक वाचक, भांडुप

जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं नाव फॉर्मवर लिहा. आणि त्याच ओळीत किंवा बाजूला ‘पूर्वीचं नाव’ म्हणून दुसरं नाव आणि जन्मतारीख न विसरता लिहा. फॉर्मवर वेगळी जागा नसली तरी लिहा, कोणी अडवणार नाही.

हे बायकांच्या बाबतीत फार होतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं, आणि रक्तपेढीच्या नोंदीत एकाच बाईच्या दोन बाया होतात. आधीच्या वेळी काही कारणाने तुम्हाला थांबवलं असेल, हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली आलं म्हणून असेल किंवा आणखी कशाने, तर ती नोंद जुन्या नावाखालीच राहते. नव्या नावाने गेलात की तुम्ही पहिल्यांदाच आलेल्या दात्या ठरता. जन्मतारीख बदलत नाही, म्हणून आम्ही जुनी नोंद शोधताना आधी तीच बघायचो.

बाळंतपण झालं असेल तर त्यानंतर वर्षभर रक्त द्यायचं नाही, आणि बाळ अंगावर पीत असेल तोवर नाहीच. हे ओळखपत्रावर लिहिलेलं नसतं, ते तुम्हालाच सांगावं लागतं.

आधारची झेरॉक्स द्यायला भीती वाटते. तिचा वापर करून कोणी सिमकार्ड घेतलं, कर्ज काढलं तर? रक्त द्यायला माझी तयारी आहे, आधार द्यायला नाही. — एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. झेरॉक्सच्या दुकानात लोकांच्या आधारच्या फुकट गेलेल्या प्रती ढिगाने पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

रक्तपेढीला तुमचा आधार क्रमांक लागत नाही. तुम्ही तेच आहात, तुमचा चेहरा आणि नाव जुळतं, वय बसतं, एवढंच बघायचं असतं. वय 18 ते 65 च्या मध्ये हवं, आणि आयुष्यातलं पहिलं रक्तदान असेल तर 60 च्या आत. मतदार ओळखपत्र, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, यांतलं काहीही दाखवा. आधारच दाखवायचं असेल तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रत मागितलीच तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त रक्तदानासाठी’, आणि तारीख टाका. अक्षरं फोटोवरून जातील अशी लिहा. आणि आधारचा फोटो कोणाच्या खासगी व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, मग तो शिबिराचा संयोजक असो की रक्तपेढीतला कर्मचारी. कार्ड दाखवा, परत पाकिटात ठेवा.

पण काका, एका गोष्टीत तुम्ही हात आखडता घेऊ नका. पत्ता आणि फोन खरा द्या. आधारचा क्रमांक लपवलात तरी पेशंटचं काही बिघडत नाही. फोन नंबर लपवलात तर बिघडू शकतं.

मी सतरा वर्षं नऊ महिन्यांचा आहे, वजन 62 किलो. कॉलेजच्या शिबिरात मित्राचं कार्ड दाखवून रक्त देऊ का? तीन महिन्यांनी काय असा फरक पडणार आहे? — एक विद्यार्थी, मुलुंड

नको रे बाळा. तीन महिने थांब.

वजन तुझं भरपूर आहे. 45 किलोला 350 मिलिलिटर घेतात, 55 च्या वर 450 घेता येतं. शरीराचं मी काही म्हणत नाही. पण फॉर्मवर सही करून जी संमती द्यायची ती अठराच्या आत देता येत नाही, आणि मित्राच्या नावाने सही केलीस तर ती कोणाचीच संमती होत नाही. त्याहून मोठी गोष्ट सांगते. समज, तुझ्या रक्ताच्या तपासणीत काही निघालं. फोन मित्राला जाईल. तो घाबरेल, त्याच्या घरी रडारड होईल, तपासण्या होतील, आणि त्याचं सगळं नीट निघेल. तुला मात्र काहीच कळणार नाही. शिवाय रक्तगटाचं कार्ड मित्राच्या नावाने निघेल, त्यावर गट तुझा. उद्या त्याचा अपघात झाला आणि कोणी ते कार्ड डॉक्टरांच्या हातात दिलं तर? रुग्णालयात गट पुन्हा तपासतातच, तरी खोटा कागद त्याच्या खिशात का ठेवायचा?

या शिबिरात तू ओळखपत्र बघायच्या टेबलावर बस. वाढदिवसानंतरच्या शिबिरात पोट भरून जेवून ये आणि खुर्चीवर झोप.

आमच्या सोसायटीचे वॉचमन उत्तर प्रदेशचे आहेत. त्यांना रक्त द्यायचंय, पण आधारवर गावचा पत्ता आहे. मुंबईचा पुरावा नाही. चालेल का? — एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी

चालेल. ओळखपत्र ओळखीसाठी, फॉर्म ठावठिकाण्यासाठी. फॉर्मवर त्यांना सध्याचा पत्ता लिहायला सांगा, तुमच्या सोसायटीचं नाव, इमारतीचा नंबर, आणि सध्या चालू असलेला मोबाइल नंबर. गावचा पत्ताही खाली लिहिला तर उत्तम. रात्रपाळी करून सरळ येऊ देऊ नका. झोप झालेली नसेल तर डॉक्टर परत पाठवतील, आणि बरोबरच करतील.

आणखी एक. फॉर्ममधले प्रश्न त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायला रक्तपेढीतलं कोणीतरी लागेल. ते काम तुम्ही करू नका. मलेरिया कधी झाला, दारू, संबंध, सुया, असे प्रश्न त्यात असतात. मालकासमोर माणूस त्यांची खरी उत्तरं देत नाही.

ऑफिसच्या शिबिरात साहेब उभे होते, सगळे देत होते म्हणून मीही दिलं. पण फॉर्ममध्ये एका प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. नाव-पत्ता सगळं खरं आहे. आता झोप लागत नाही. — नाव छापू नये

तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलंय. ते मिळालं असेल. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी.

रक्त दिल्यानंतर रक्तपेढीला फोन करता येतो. कार्डावर किंवा प्रमाणपत्रावर फोन नंबर असतो, पिशवीचा नंबर असतो. ‘माझी पिशवी वापरू नका’ एवढं सांगितलं तरी पुरे. कारण सांगितलंच पाहिजे असं नाही. तपासण्या होतात हे खरं, पण नुकताच झालेला संसर्ग काही दिवस तपासणीत सापडत नाही, त्याला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. त्या दिवसांत पेशंटला वाचवतं ते फक्त दात्याचं खरं बोलणं. साहेबांना कळत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि असा निकाल समोरासमोर बोलावून समुपदेशकाकडून सांगायचा असतो.

एका पावसाळ्यात सकाळी सातला आमचा फोन वाजला. आदल्या दिवशी रक्त दिलेला मुलगा होता, आवाज बसलेला. ‘मॅडम, रात्री एकशे तीन ताप आलाय, डेंगी असेल का माहीत नाही, पण माझं रक्त कोणाला दिलं का?’ दिलं नव्हतं. मी नंबर विचारला, फ्रिज उघडला, पिशवी हातात घेतली, बाजूला ठेवली. प्लेटलेट्स दुपारी एका कॅन्सरच्या पेशंटला जायच्या होत्या, त्या थांबवल्या. तो मुलगा कोण, कुठला, मला आठवत नाही. त्याचा तो आवाज आठवतो.

माझ्या कार्डावर रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे. मागच्या महिन्यात रक्तपेढीने फोन करून पुन्हा नमुना द्यायला बोलावलं आणि सांगितलं, तुमचा गट ‘बॉम्बे’ आहे. घरचे म्हणतात, कोणीतरी नमुन्यांची अदलाबदल केली असणार. — एक वाचक, शिवडी

अदलाबदल असती तर दुसऱ्या नमुन्यात कळलं असतं, म्हणूनच तर तुम्हाला पुन्हा बोलावलं. त्यांनी काम नीट केलंय.

हा गट आपल्या शहराच्या नावाने जगभर ओळखला जातो. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथेच, मुंबईत शोधला. ए, बी आणि ओ गटांच्या तांबड्या पेशींवर पायाला एक ‘एच’ नावाचा घटक असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तोच नसतो. नेहमीच्या काचपट्टीवरच्या तपासणीत ए नाही, बी नाही असं दिसतं आणि कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं. पण या माणसाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात, ओ गटाच्या पेशी टाकल्या की त्यांच्या गुठळ्या होतात. खऱ्या ओ गटाच्या माणसाचं असं होत नाही. मी एकदा त्या नळीकडे बघतच राहिले होते. ओ च्या पेशी तळाशी लाल कणांसारख्या जमल्या होत्या, हलवलं तरी सुटत नव्हत्या. मी तीनदा हलवून पाहिली, मग सरांना हाक मारली.

आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो. त्याला रक्त लागलं तर फक्त बॉम्बे गटाचंच चालतं, ओ सुद्धा चालत नाही. म्हणून ते ‘ओ पॉझिटिव्ह’चं जुनं कार्ड आजच फाडून टाका. जुन्या फाइलींवर, लायसन्सवर जिथे जिथे ‘ओ’ आहे तिथे दुरुस्ती करून घ्या. नवीन कार्ड पाकिटात ठेवा, त्याचा फोटो घरच्या तिघा-चौघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. सख्ख्या भावा-बहिणींची तपासणी करून घ्या, प्रत्येकात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते. आणि फोन नंबर बदललात, खोली बदललीत, की त्या रक्तपेढीला कळवा. तुमच्या गटाची पिशवी सहसा फ्रिजमध्ये तयार नसते. असा पेशंट आला की मुंबईतले तुमच्यासारखे मोजके दाते फोन करकरून शोधावे लागतात, कधी रात्री दोन वाजता. एकदा आमच्या यादीतल्या चारांपैकी दोघांचे नंबर बंद लागले होते. तिसरा कल्याणहून पहिल्या लोकलने आला.

आईचं ऑपरेशन होतं. वॉर्डातून दिलेला रक्ताचा नमुना मी धावत रक्तपेढीत नेला, तर ‘नळीवर नंबर नाही’ म्हणून परत पाठवला. नाव लिहिलेलं होतं! अर्धा तास गेला. हा कसला कायदा? — एक वाचक, परळ

त्या अर्ध्या तासात तुमचा जीव किती टांगणीला लागला असेल ते समजतं. पण त्या तंत्रज्ञाच्या जागी मी असते तरी नळी परत पाठवली असती.

दात्याची ओळख जेवढी महत्त्वाची, तेवढीच घेणाऱ्याचीही. आमच्याकडे एका पावसाळ्यात एकाच वॉर्डात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या, वयात दोन वर्षांचा फरक. एक ए, दुसरी बी. नावावर गेलो असतो तर काय झालं असतं ते लिहवत नाही. चुकीच्या गटाचं थोडंसं रक्त गेलं तरी माणसाच्या किडन्या बंद पडू शकतात, जीव जाऊ शकतो. म्हणून नळीवर पूर्ण नाव, केसपेपरचा नंबर, वॉर्ड, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही हवी, आणि हे सगळं पेशंटच्या उशाशी उभं राहूनच लिहायला हवं. रक्तपेढीत उभं राहून ‘द्या, मी नंबर लिहितो’ म्हणणारे नातेवाईक रोज भेटायचे. तुम्हाला आई माहीत आहे, पण त्या नळीत आईचंच रक्त आहे हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

यापुढे घरातलं कोणी दाखल असेल तर एक करा. नमुना न्यायच्या आधी खाटेजवळ थांबा आणि नळीवरचं नाव आणि नंबर केसपेपरशी मोठ्याने वाचून ताडून बघा. पिशवी लावायला सिस्टर येतील तेव्हाही तसंच, पिशवीवरचा गट आणि सोबतच्या चिठ्ठीवरचं नाव. सिस्टरना राग येणार नाही. आला तरी वाचा.